व्हायकिंग काळातल्या बाईच्या थडग्यात टकळी का सापडते?

तुम्ही स्टॉकहोमच्या ऐतिहासिक संग्रहालयात बिर्काच्या (स्वीडनमधलं व्हायकिंग काळातलं व्यापारी गाव) एका थडग्यातल्या वस्तू पाहिल्यात: कासवाच्या पाठीसारखे फुगीर दोन ब्रोच, मण्यांची माळ, सुयांची नळी, कात्री आणि जुन्या रुपयाएवढी, मधोमध भोक असलेली एक दगडी चकती. पाटीवर लिहिलं होतं की हे स्त्रीचं दफन. तुम्ही विचारलंय की एवढे दागिने अंगावर असलेली बाई स्वतः सूत कातत असेल का, की 'बाई होती' एवढं सांगायला ती चकती ठेवली. मग तिचा माग कुठे गेला. आणि मण्यात आणि टकळीच्या चकतीत फरक कसा करतात. शिवाय मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी तशी टकळी करायची आहे. ते शेवटी घेते, कारण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी पुरातत्त्वज्ञ नाही. इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात वाढले, हातमाग शिकले आणि लग्नानंतर डेन्मार्कला आले. गेली अकरा वर्षं इथल्या एका खुल्या संग्रहालयात व्हायकिंग काळातल्या पद्धतीनं कातते आणि विणते. पाहुण्यांसमोर करतेच, पण अभ्यासकांना 'या हत्यारानं नेमकं काय होतं' हे करून बघायचं असतं तेव्हाही माझे हात कामाला येतात. म्हणून माझं उत्तर हातांपासून सुरू होतं.

तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या पोटात खरा प्रश्न वेगळाच आहे: थडग्यात जे सापडलं ते नेमकं कशातून उरलेलं? थडगं हा घराचा पंचनामा नसतो. त्याला दोन चाळण्या लागलेल्या असतात. पहिली माणसांची. बाईबरोबर काय द्यायचं हे मागे राहिलेल्यांनी ठरवलं. दुसरी मातीची. टकळीची काठी लाकडाची, ती कुजते. लोकर धरायची काठी, सूत गुंडाळायची असारी, अख्खा माग, सगळं लाकूडच. मागे राहते ती दगडाची, भाजलेल्या मातीची, शिशाची नाहीतर हाडाची चकती. नॉर्वेच्या बऱ्याच भागांतल्या आम्लधर्मी मातीत तर हाडंही टिकत नाहीत. तिथे बाई नाहीशी होते आणि तिची चकती तेवढी राहते. त्यात भर म्हणजे त्या काळात दफनही होतं आणि दहनही. चितेवर ठेवलेली तृणमण्याची, म्हणजे अँबरची चकती जळून जाते (तृणमणी म्हणजे शेवटी झाडाचा चीकच), शिसं वितळतं, दगड आणि माती राखेत सापडतात. म्हणून 'अमुक भागात दगडाच्याच चकत्या वापरत' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, तिथे जाळत होते की पुरत होते?

मातीची चाळणी जवळजवळ लागलीच नाही असं एक दफन आहे, आणि बाकीच्या थडग्यांतून काय काय गळालं असेल याचा अंदाज मला तिथूनच येतो. नॉर्वेत टॉन्सबर्गजवळच्या ओसेबर्ग इथे १९०४ मध्ये एक टेकाड उकरलं. खाली निळसर चिकणमाती, वर गवताच्या ढेकळांचा घट्ट थर. हवा आत जाईना, त्यामुळे आख्खं जहाज, गाडी, घसरगाड्या, कापड, रेशमाचे शंभराहून जास्त तुकडे, सगळं टिकलं. दफनखोलीच्या लाकडाच्या वर्तुळांवरून साल निघतं ८३४. आत दोन बायका होत्या, एक सत्तरी-ऐंशीतली, दुसरी पन्नाशीची. मध्ययुगातच चोरांनी आत शिरून दागिने लंपास केले. कातण्या-विणण्याचं सामान त्यांच्या काय कामाचं! ते राहिलं: टकळ्या, लोकर धरायच्या काठ्या, असारी, मागाचे भाग आणि पाट्यांवर विणायला घेतलेला एक पट्टा.

त्या पट्ट्याबद्दल थोडं जास्त सांगते. पाट्यांची विणाई म्हणजे चार कोपऱ्यांना चार भोकं असलेल्या पातळ चौकोनी पाट्या घ्यायच्या, प्रत्येक भोकातून ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा ओवायचा, आणि सगळा गठ्ठा पत्त्यांच्या कॅटासारखा हातात धरून पाव-पाव फेरा फिरवायचा. दर फेऱ्याला धाग्यांमध्ये फट पडते, तिच्यातून बाणा, म्हणजे आडवा धागा, जातो. ओसेबर्गला सापडल्या त्या पाट्याही योगायोगानं कॅटातल्या पत्त्यांइतक्याच, ५२, आणि काम अर्धवट असताना धागे तसेच त्यांच्यात ओवलेले. माझ्या हातून असा अर्धा पट्टा एकदा टेबलावरून नुसता सरकला होता. पाट्या फिरल्या, पीळ सुटला, नक्षी कुठवर आली होती ते कळेना, अख्खी दुपार गेली. म्हणजे ५२ पाट्यांचं चालू काम उचलून जहाजात नेऊन ठेवायचं तर आधी पाट्या बांधाव्या लागतात, दोन्ही टोकं पक्की करावी लागतात. ठेवणारीला हे काम येत होतं असं माझं मत. तो पट्टा त्या दोघींपैकी एकीचा होता की घरातल्या तिसऱ्याच बाईचा, हे मात्र पट्ट्यावरून ठरत नाही.

आता चकती. टकळीला चकती लागते ती दोन कारणांनी. तिचं वजन धाग्याला खाली ओढतं आणि तिचा घेर फिरकी टिकवून धरतो. पाचपन्नास तास कातलं की हे बोटांना कळतं. माझ्याकडे बिर्का आणि हेडेबीच्या मापांवरून घडवलेल्या चकत्या आहेत, ५ ग्रॅमपासून ५० ग्रॅमपर्यंत. (हेडेबी हे तेव्हाचं मोठं व्यापारी गाव, आज जर्मनीत श्लेस्विगजवळ.) ३० ग्रॅमच्या चकतीला बारीक धागा लटकवला की तो तुटतो आणि टकळी पायावर पडते. ५ ग्रॅमच्या चकतीवर जाड धागा काढायला गेलं तर तो पीळ घ्यायच्या आत ती थांबते आणि उलटी फिरायला लागते. म्हणजे चकतीचं वजन बघून तिच्यावर कुठल्या जातीचं सूत निघत असेल हे बऱ्यापैकी सांगता येतं. बिर्का आणि हेडेबीच्या हत्यारांचा पद्धतशीर अभ्यास एव्हा अँडरसन यांनी केला आणि त्यावरचं त्यांचं काम २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे हलक्या चकत्याही आहेत आणि भारीही, म्हणजे एकाच गावात जाडंभरडंही निघत होतं आणि अतितलमही.

मात्र वजन हा अर्धाच हिशेब. लोकर कशी तयार केली यावर बाकीचं अवलंबून. तिकडच्या जुन्या जातीच्या मेंढ्यांच्या अंगावर दुहेरी लोकर असते: वर लांब, राठ, चकाकणारे केस आणि खाली मऊ लव. लोखंडी दात्यांच्या कंगव्यांची जोडी घेऊन लांब केस विंचरून वेगळे काढले की ८ ग्रॅमवर तारेसारखा घट्ट धागा निघतो, ताण्याला उत्तम. तीच लोकर न विंचरता घेतली तर त्याच चकतीवर धागा दर हातभर अंतरावर तुटतो. नॉर्वेतल्या बायकांच्या थडग्यांत या कंगव्यांचे गंजलेले दाते सापडतात. लोक त्यांच्यासमोरून पुढे जातात, कारण दिसायला तो गंजका खिळ्यांचा पुंजका. मला विचाराल तर संग्रहालयाच्या काचपेटीतली सगळ्यात बोलकी वस्तू तीच, कारण चांगल्या सुताचं अर्धं काम टकळी हातात घेण्याआधी होतं.

मणी की चकती, याचं उत्तर भोकात आहे. टकळीची काठी करंगळीहून थोडी बारीक, त्यामुळे चकतीचं भोक साधारण ७ ते १० मिलिमीटर, सरळ आणि अगदी मध्यावर. मध्य जरा चुकला की टकळी डुलते आणि सूत गाठीगाठीचं येतं. मण्याचं भोक दोऱ्यापुरतं, बारीक; ते बाजूला गेलं तरी बिघडत नाही, आणि दोऱ्यानं त्याची कड झिजलेली दिसते. गोंधळ होतो तो मोठ्या काचमण्यांचा आणि तृणमण्यांचा. पाच-सहा ग्रॅमचा, मोठ्या भोकाचा मणी टकळीवर उत्तम चालतो, मी चालवून बघितलाय. अशा वेळी वस्तू अंगावर कुठे होती ते बघतात: छातीवर माळेत असेल तर मणी, मांडीजवळ किंवा पायाशी पेटीत असेल तर चकती. जुन्या उत्खननात नोंदी किती बारकाईनं ठेवल्या यावर हे सगळं अवलंबून. बिर्काच्या बाबतीत आपलं नशीब थोर. ह्याल्मार स्टोल्पे यांनी १८७० च्या दशकापासून तिथली सुमारे अकराशे थडगी खणली आणि थडग्याथडग्याचे आराखडे काढून ठेवले.

माग कुठे गेला? तुमच्या तीन प्रश्नांतला हा माझ्या सगळ्यात आवडीचा, कारण त्याचं उत्तर थडग्याच्या बाहेर आहे. व्हायकिंग काळातला नेहमीचा माग म्हणजे भिंतीला तिरका टेकवलेला उभा सांगाडा. वरच्या आडव्या तुळईला ताणा बांधायचा, खाली धाग्यांचे झुपके करून त्यांना माती किंवा दगडाची वजनं लटकवायची. विणायचं उभं राहून, वरून खाली, आणि बाणा ठोकायचा वरच्या दिशेला. आपल्या खड्डामागावर बसून फणीचा झटका अंगाकडे घ्यायची सवय असलेल्या माझ्या खांद्यांना हे अंगवळणी पडायला एक हिवाळा लागला. या मागाचं लाकूड कुजलं, पण वजनं राहिली, आणि ती सापडतात वस्तीत, जमिनीत अर्धवट खोदलेल्या कामाच्या झोपड्यांमध्ये, कधी कधी माग जिथे उभा होता तिथेच रांगेनं पडलेली. थडग्यात ती क्वचित. माझा तर्क साधा आहे: टकळी, सुया, कात्री या माणसाच्या अंगावरच्या वस्तू, कमरेला किंवा ब्रोचला लटकणाऱ्या. माग हा घराचा. बाई गेली तरी घरातल्या दुसऱ्या बायकांना तो उद्या लागणारच होता, आणि त्यावर कापड चढवलेलं असेल तर विचारायलाच नको.

वजनांचाही हिशेब असतो, तो करून दाखवते. समजा एक मीटर पन्ह्याचं साधं कापड, दर सेंटिमीटरला ताण्याचे १० धागे. म्हणजे एकूण १००० धागे, पुढच्या रांगेत ५०० आणि मागच्या रांगेत ५००. प्रत्येक धाग्याला २० ग्रॅम ताण हवा असेल तर ४०० ग्रॅमच्या एका वजनाला २० धागे बांधता येतात. मग दर रांगेला २५ वजनं, दोन्ही मिळून ५०, म्हणजे २० किलो. आता २५ वजनं एक मीटरमध्ये खेटून बसायची तर प्रत्येकाची जाडी ४ सेंटिमीटर हवी. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा मी वजनं केली ती ग्रॅमात बरोबर, पण थालीपिठासारखी चपटी थापली. रांग अडीच वीत झाली, धागे खाली आत ओढले गेले, आणि वर शंभर सेंटिमीटर असलेलं कापड हातभर विणून होईपर्यंत ऐंशीवर आलं. कमरेत आवळलेलं ते कापड मी अजून ठेवलंय. वजनांचा आकार का मोजायचा हे दाखवायला त्याच्याइतका चांगला नमुना नाही.

हा माग तिकडे पूर्ण मेला नव्हता, हेही सांगायला हवं. पश्चिम नॉर्वेत आणि उत्तरेला सामी लोकांत तो विसाव्या शतकापर्यंत चालू होता. मार्टा हॉफमन यांनी तो वापरणाऱ्या बायकांना भेटून, त्यांचे हात बघून नोंदी केल्या आणि १९६४ मध्ये त्या छापल्या. थडग्यातल्या नि वस्तीतल्या तुकड्यांचं काय करायचं हे आज आम्हाला कळतं त्यात त्या आज्यांचा वाटा मोठा.

बाणा ठोकायचं हत्यार मात्र थडग्यात जातं. त्याला अभ्यासक विणाईची तलवार म्हणतात, कारण दिसते ती तशीच: लांब, चपटी, बोथट पात्याची. आपल्या मागावर फणी जे करते ते काम ती धाग्यांच्या फटीत घालून वर ठोकून करायची. लाकडाचीही चालते, पण पश्चिम नॉर्वेत लोखंडाच्या आणि उत्तरेला देवमाशाच्या हाडाच्या सापडतात. त्या काळात लोखंडाच्या एवढ्या मोठ्या पट्टीची किंमत काय असेल याचा विचार करा, म्हणजे ही गरीब घरची वस्तू नव्हती हे लक्षात येईल. तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहिलेल्या न्याल सागात (सागा म्हणजे तिकडची जुनी गद्य कथा) एक कविता आहे. १०१४ च्या आयर्लंडमधल्या क्लॉन्टार्फच्या लढाईआधी वाल्किरी, म्हणजे रणात कोण मरणार हे ठरवणाऱ्या देवदूती, माग मांडून बसतात: ताणा माणसांच्या आतड्यांचा, वजनं माणसांच्या मुंडक्यांची, आणि ठोकायला तलवारी. ऐकणाऱ्यांना मागाचा भाग न् भाग डोळ्यांसमोर होता, तरच ही भीती लागू पडते.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांपैकी सँडे बेटावर स्कार नावाची जागा आहे. समुद्र किनारा खात होता म्हणून १९९१ मध्ये घाईघाईनं तिथलं नौकादफन खणलं. एक तिशीतला पुरुष, एक दहा-अकरा वर्षांचं मूल आणि एक बाई, सत्तरीतली. बाईजवळ सोनेरी मुलाम्याचा ब्रोच, कंगवा, विळा, कात्री, दोन टकळीच्या चकत्या, विणाईची तलवार आणि देवमाशाच्या हाडाची एक सुंदर कोरलेली फळी, वर समोरासमोर दोन प्राण्यांची डोकी. अशा फळ्या उत्तर नॉर्वेतल्या श्रीमंत बायकांच्या थडग्यांत जास्त सापडतात. संग्रहालयात त्यांच्याखाली 'इस्त्रीची फळी' लिहिलेलं असतं ते जरा सरधोपट आहे, पण हवेतलंही नाही. याच काळात उलट्या अळंबीसारखे काचेचे घोटे सापडतात. जवसाच्या खोडाचा धागा (आपण जवस चटणीपलीकडे फारसं ओळखत नाही) विणून झालेलं लिनन ओलसर असताना अशा काचेनं घोटलं की त्याला रेशमासारखी चकाकी येते. मी लाकडी फळीवर घोटते. कोरीव हाडाच्या फळीवर रोज घोटायला माझं मन धजावणार नाही. ती बहुधा चांदीच्या ताटासारखी असावी, असते जेवायलाच पण निघते सणाला.

तर ती श्रीमंत बाई स्वतः कातत होती का? आता उत्तर देता येईल. सत्तरीत स्कारची बाई मागासमोर उभी राहत असेल का, शंका आहे. पण तिला लोक ज्या कामावरून ओळखत होते ते काम हे होतं. आणि ते काम किती मोठं होतं ते आकड्यांत बघा. व्हायकिंग जहाजांची शिडं लोकरीचीही असत. ९० चौरस मीटरचं एक शीड धरा, दर सेंटिमीटरला ताण्याचे १० आणि बाण्याचे ६ धागे. एका चौरस मीटरला १६०० मीटर सूत, सगळ्या शिडाला १४४ किलोमीटर. जवळजवळ मुंबई ते पुणे. मी सरावलेल्या हातानं तासाला ४५ मीटरच्या आसपास काढते. म्हणजे ३२०० तास, रोज आठ तास कातलं तर ४०० दिवस. यात कातरणं, विंचरणं, विणणं काहीच धरलेलं नाही. आणि हे एका शिडाचं. घरातल्या सगळ्यांचे कपडे, पांघरुणं, पोती वेगळी. आइसलँडमध्ये पुढे लोकरीचं ठरावीक प्रतीचं कापड चलन म्हणून चालत होतं. ज्या घरात हे सगळं व्हायचं तिथली मालकीण म्हणजे कारखान्याची मालकीण. तिच्याबरोबर टकळी ठेवणं हे 'बिचारी घरकाम करायची' अशा अर्थानं घेतलं की सगळंच चुकतं.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. ते ४०० दिवस एकटी मालकीण कातत नव्हती. त्या समाजात गुलाम होते, गुलाम बायका होत्या, आणि त्यांचा दिवस कशात जात असेल हे वरच्या हिशेबावरून दिसतंच. अशा माणसांच्या थडग्यांत बहुतेक वेळा काहीच ठेवलेलं नसतं. म्हणजे जिनं सगळ्यात जास्त सूत काढलं तिच्याजवळ चकती नसण्याचीच शक्यता जास्त. पेटीतली चकती 'कातत होती' एवढं सांगत असेलही, पण चकती नसणं 'कातत नव्हती' असं कधीच सांगत नाही. बिर्कातसुद्धा ही हत्यारं थडग्यांपेक्षा जुन्या गावाच्या काळ्या मातीत कितीतरी जास्त निघतात.

पाटीवरच्या 'स्त्रीचं दफन' या शब्दांबद्दलही एक सांगून ठेवते. हाडं टिकलेली नसतात तिथे लिंग ठरवतात वस्तूंवरून: ब्रोच, मणी, चकती असली तर बाई, शस्त्रं असली तर पुरुष. आणि मग त्याच थडग्यांवरून निष्कर्ष काढतात की बायका कातत आणि पुरुष लढत. हे म्हणजे आपणच लपवायचं आणि आपणच शोधून काढायचं. बिर्काचंच ५८१ क्रमांकाचं थडगं घ्या. १८७८ मध्ये खणलं. तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, ढाली, दोन घोडे आणि सोंगट्या, म्हणून शंभरावर वर्षं ते एका योद्ध्याचं, अर्थात पुरुषाचं मानलं गेलं. २०१७ मध्ये डीएनए तपासला तर बाई निघाली. उलट कात्री, सुया, धार लावायचा दगड या वस्तू दोन्हीकडे सापडतात. माझा अनुभव म्हणाल तर शीड शिवायला आणि फाटलं ते जहाजावरच दुरुस्त करायला सुई लागणारच, आणि समुद्रात ती पुरुषांच्याच हातात असणार. तरी एक खरं: ज्या थडग्यांत हाडं तपासता आली आहेत तिथे टकळी आणि विणाईची तलवार मोठ्या प्रमाणात बायकांजवळच आहेत. तेव्हा तुम्ही पाहिलेली पाटी बहुधा बरोबर असावी. ती कशावरून लिहिली हे विचारायला मात्र लाजू नका.

डेन्मार्कमधल्या फ्युर्काटच्या बाईचा उल्लेख कुणीतरी तुमच्यासमोर करेलच, म्हणून दोन वाक्यं. दहाव्या शतकाच्या अखेरचं हे दफन. पायाच्या बोटांत चांदीच्या जोडव्यांसारख्या अंगठ्या, खुरासानी ओव्याच्या (ही नशा आणणारी विषारी वनस्पती) बिया, एक धातूची काठी, आणि नेहमीचं बायकी सामान म्हणून टकळीची चकती व कात्रीही. ही भविष्य सांगणारी व्होल्वा असावी असं मानतात, आणि अशा लोखंडी काठ्या लोकर धरायच्या काठीसारख्या दिसतात म्हणून जादू आणि कताई यांचा संबंध जोडला जातो. मी तशा काठीची लोखंडी नक्कल काखेत धरून तासभर कातलं. हात भरून आला, लोकर लोखंडावरून सारखी घसरत होती. रोज कातायची ती वस्तू नव्हे. पण रोजच्या वस्तूचं रूप मुद्दाम घेतलेली वस्तू असू शकते, आणि तसं असेल तर ते मला जास्त अर्थपूर्ण वाटतं.

बाईनं काय विणलं हे तिच्या ब्रोचखालीही सापडतं, हे सांगायचं राहिलं. ब्राँझला हिरवा गंज चढताना त्यातले क्षार शेजारच्या कापडात शिरतात आणि नाण्याएवढा तुकडा टिकून जातो. बिर्काचे असे तुकडे आग्नेस गाइयर यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केले. काही लोकरी कापडांत दर सेंटिमीटरला ताण्याचे तीस-चाळीस, क्वचित त्याहून जास्त धागे आहेत. ती तिथेच विणली की बाहेरून आली यावर अजून वाद आहे. माझ्या हलक्यात हलक्या चकतीवर ताण्याचा तसा धागा निघतो, पण मीटरभर कातल्यावर मी उठून चहा करते.

आता मुलीची टकळी. कुंभाराची माती मिळाली तर उत्तम, नाहीतर हवेत वाळणारी चालेल. नवख्या हाताला वाळल्यावर २५ ते ३० ग्रॅम बरी, म्हणून ओली ३५ ते ४० ग्रॅम घ्या. चार सेंटिमीटर व्यासाचा, पोटात फुगीर असा पेढा करा, खूप चपटा नको. भोक ओल्या मातीतच, बरोबर मध्यावर, आणि काडीपेक्षा थोडं मोठं पाडा. माती वाळताना आकसते. काडी बांबूची, वीतभर, एका टोकाला निमुळती म्हणजे चकती घट्ट बसेल, वरच्या टोकाला खाच. सुती पेळू सुरुवातीला देऊ नका, कापसाचे तंतू आखूड असतात आणि ती रडकुंडीला येईल. विंचरलेली लोकर द्या. सुरुवातीला टकळी हवेत न सोडता खुर्चीच्या कडेवर किंवा मांडीवर टेकवून फिरवायला सांगा. सूत तुटलं की दोन्ही टोकं बोटभर पिंजायची, एकावर एक ठेवायची, पीळ आपोआप धरतो. आणि खाली सतरंजी अंथरा, कारण टकळी पडणार आणि कच्ची चकती फरशीवर दोन तुकडे होणार. दोन-तीन जास्तीच्या करूनच ठेवा.